पेपिन सरोवरावर रुसलेली बोट

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा, आणि दुसरा न्यूयॉर्कच्या त्या मशालवालीचा. मी दोन्ही पाहिली नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात लेकीकडे मिनेसोटा राज्यात जाऊन राहिलो आणि त्यातले ऐन सुटीचे दिवस एका सरोवराच्या काठी, एका जुन्या मोटरबोटीच्या पोटात डोके खुपसून घालवले. "एवढा खर्च करून गेलात, आणि तिथेही तेच?" असे आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला तोंडावर विचारले. 'तेच' म्हणजे एस.टी. चौतीस वर्षे मी एस.टी.च्या कार्यशाळेत गाड्यांच्या विजेचे काम केले. बॅटरी, स्टार्टर, दिवे आणि भोंगा, एवढाच माझा संसार. निवृत्त झालो तेव्हा पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हाती धरणार नाही, असे कुटुंबाला वचन दिले होते. ते सेंट पॉलला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मोडले.

सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात आलो, तो गॅरेजशेजारी ताडपत्रीखाली काहीतरी लांबट झाकून ठेवलेले दिसले. "हे काय?" असे विचारताच जावयांचा चेहरा खुलला आणि लेकीचा मिटला.

"माझी सवत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

ताडपत्री निघाली. खाली एकोणीस फुटांची, पांढऱ्या-निळ्या रंगाची, १९८० नंतरच्या दशकात बांधलेली एक सुबक बोट होती. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावर दिसणाऱ्या लाँचशी किंवा मत्स्यव्यवसायाच्या मचव्याशी तिचे काही नाते नाही. ही बोट एकाच कामासाठी जन्मलेली: पायांना फळ्या बांधलेल्या माणसाला दोरीने पाण्यावरून ओढत न्यायचे. त्या खेळाला वॉटर-स्कीइंग म्हणतात. साध्या मोटरबोटीचे इंजिन मागच्या बाजूला लटकत असते. हिचे इंजिन बरोबर मध्यावर, एका गादी लावलेल्या पेटीखाली होते. मोटारीतलेच आठ सिलिंडरचे धूड, सुमारे अडीचशे अश्वशक्तीचे. पेटीच्या पुढ्यात एक पोलादी खांब असतो, त्याला दोरी बांधतात. वजन मध्यावर असल्याने बोट सपाट धावते, मागे लाट थोडी उठते; आणि ओढही मध्यावरच असल्याने दोरीच्या टोकाचा माणूस डावी-उजवीकडे झेपावला तरी बोटीचे तोंड फिरत नाही. रचना पाहून मी मनातल्या मनात त्या अनोळखी बांधणाऱ्याला नमस्कार केला.

"चालते का?" मी विचारले.

"चालते," जावई म्हणाले. "सुरू झाली तर."

तिचे दुखणे असे होते. सकाळी किल्ली फिरवली की पहिल्या फेरीला सुरू. दुपारी, तास-दीड तास खेळून झाल्यावर बंद केली की कधी सुरू होई, कधी नुसती 'टक्' करी, आणि कधी तेवढेही नाही; हूं का चूं नाही. वीस-पंचवीस मिनिटे तिला तशीच सोडली, की आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. दोन उन्हाळ्यांत जावयांनी बॅटरी बदलली होती, स्टार्टर बदलला होता, सोलेनॉइड बदलला होता. प्रत्येक नव्या भागानंतर आठ-पंधरा दिवस बरे जात, आणि मग पहिले पाढे पंचावन्न. एका दुरुस्तीच्या दुकानात ती तीन दिवस ठेवली. तिथे ती दर वेळी सुरू झाली. त्यांनी 'दोष आढळला नाही' असा कागद दिला आणि त्या कागदाचे पैसे घेतले.

पूर्वी आपल्याकडे एकाआड एक दिवस येणारा हिवताप असे, त्याची मला आठवण झाली. रोगी दवाखान्यात जाई तेव्हा अंग थंडगार, आणि घरी येऊन पांघरुणात शिरतो न शिरतो तोच हुडहुडी. जाणता वैद्य म्हणे, "ताप चढेल तेव्हा मला बोलवा." हे सूत्र मी कार्यशाळेत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला शिकवले होते. आणि या बोटीच्या बाबतीत तेच मी विसरलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्याच दिवशी मी इंजिनावरची पेटी उघडली. आमच्या गाड्या डिझेलच्या आणि चोवीस व्होल्टच्या. इथे पेट्रोल आणि बारा व्होल्ट. पण तार ती तार. बॅटरीची ऋण तार इंजिनाच्या अंगाला जिथे बोल्टने कसलेली होती, तिथे पांढरट भुकटी साचलेली दिसली, आणि बोल्ट हाताने हलला. मी मोठ्याने "हा बघा!" म्हटले. तार सोडवली, पॉलिश-कागदाने दोन्ही अंगे लख्ख घासली, बोल्ट आवळला. जावयांनी रबरी नळीने इंजिनाला पाणी दिले. असे इंजिन सरोवराचेच पाणी पिऊन थंड राहते आणि त्याच्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला तर फाटतो, म्हणून जमिनीवर नळीशिवाय चालवायचे नसते. किल्ली फिरवली; सुरू. बंद करून पुन्हा, सुरू. तिसऱ्यांदा, सुरू. मी हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहून लेकीला सांगितले, "झाली दुरुस्त!"

तो बोल्ट ढिला होता हे खरे. तो एक दोष होता. पण तोच दोष होता, हे मला कोणी सांगितले होते?

रविवारी आम्ही सगळे निघालो. सेंट पॉलहून ६१ क्रमांकाचा हमरस्ता मिसिसिपी नदीच्या सोबतीने दक्षिणेला जातो. हेस्टिंग्ज गेले, रेड विंग गेले, आणि मग डाव्या हाताला नदी एकाएकी एवढी पसरली की पलीकडचा विस्कॉन्सिनचा काठ निळसर रेघेसारखा दिसू लागला. हेच पेपिन सरोवर. ते मुळात नदीच आहे. खालच्या बाजूला चिपेवा नावाची नदी मिसिसिपीला मिळते. तिने हजारो वर्षे इतकी वाळू आणून टाकली की मोठ्या नदीची वाट अडून तिचे पाणी मागे तुंबले. लांबी सुमारे बावीस मैल, रुंदी जिथे अधिक तिथे दोन मैलांच्या आसपास. दोन्ही काठांना झाडीने भरलेले उंच कडे. कृष्णेकाठी वाढलेल्या माणसाला नदी म्हणजे घाट, पायऱ्या, देऊळ आणि धुणे आठवते. इथे घाट नाही, देऊळ नाही, पण पाण्याकडे पाहिले की जीव तसाच गार होतो.

काठावर लेक सिटी नावाचे गाव आहे. पाण्यावर स्की खेळण्याचा जन्म याच गावचा. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या इथल्या पोराने १९२२ साली हा उद्योग केला. तेव्हा त्याला एकोणीस पुरी व्हायची होती. बर्फावर फळ्या बांधून घसरता येते, तर पाण्यावर का नाही, असे त्याच्या मनाने घेतले. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की; दोन्ही बुडाल्या. शेवटी लाकडाच्या वखारीतून आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकवली, मध्ये पायाला चामड्याचे पट्टे ठोकले. भाऊ बेन बोट हाकत होता. कितीतरी वेळा पाणी प्याल्यावर २ जुलै १९२२ ला त्याला उमगले की मागे रेलून फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवायची; आणि तो उभा राहिला. त्याने पेटंट घेतले नाही. ते १९२५ साली फ्रेड वॉलर या न्यूयॉर्कच्या गृहस्थांनी घेतले, ज्यांनी पुढे 'सिनेरामा'चा तीन यंत्रांचा रुंद पडदा काढला. सॅम्युएलसन पुढे टर्की पक्षी पाळून राहिला आणि १९६६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, अमेरिकेतल्या वॉटर-स्की संघटनेने पहिलेपणाचा मान त्याला दिला. त्या माउलीने तांब्याच्या भांड्याचे काय झाले म्हणून पोराला काही बोल लावले की नाही, ते मात्र कुठे वाचायला मिळाले नाही.

आम्ही गेलो त्या वर्षी या गोष्टीला बरोबर शंभर वर्षे झाली होती. बारा वर्षांच्या नातीला याच पाण्यावर, याच वर्षी उभे करायचे, असा जावयांचा हट्ट होता; आणि बोटीचा काही भरवसा नाही म्हणून लेकीचा त्याला विरोध. माझ्या 'झाली दुरुस्त'ने तो विरोध संपला होता.

कुटुंब काठावर झाडाखाली चटई टाकून बसले. बोटीत आम्ही चौघे. सुकाणूवर जावई, मागे तोंड करून बसलेली लेक, कारण स्की खेळणाऱ्यावर नजर ठेवायला बोटीत दुसरे माणूस किंवा रुंद आरसा हवाच, असा त्या राज्याचा कायदा आहे, अंगात लाल जॅकेट घातलेली नात, आणि मी. निघण्यापूर्वी जावयांनी एक बटण दाबले. इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर टाकणारा छोटा पंखा 'सूं' करू लागला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि एका ठिणगीचा अवकाश असतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवायचा. मग किल्ली. पहिल्या फेरीला सुरू! मी लेकीकडे पाहिले. तीही हसली.

तासभर नात पडत होती आणि उठत होती. अकराव्या की बाराव्या वेळी ती उभी राहिली. गुडघे वाकलेले, तोंड घट्ट मिटलेले. पन्नास-साठ यार्ड गेली असेल. लेकीने टाळ्या वाजवल्या, मी ओरडलो, आणि या आनंदात आम्ही लाल-हिरव्या पिंपांनी आखलेल्या मोठ्या वाटेत कधी शिरलो ते कोणाच्या ध्यानात आले नाही. नात पडली. जावई वळून तिच्याजवळ गेले आणि शहाण्या माणसाप्रमाणे त्यांनी इंजिन बंद केले. पाण्यात माणूस असताना मळसूत्री पंखा फिरता ठेवत नाहीत. तिला शिडीवरून वर घेतली. किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. 'टक्'. पुन्हा. तेही नाही.

तेवढ्यात वरच्या बाजूने भोंगा ऐकू आला. त्या नदीतून मक्याचे, सोयाबीनचे, खताचे लोखंडी पडाव जातात. त्यांना बार्ज म्हणतात. एकेकात दीड हजार टन माल. असे पंधरा, तीन-तीनच्या पाच रांगांत पोलादी दोरांनी एकत्र बांधून मागून एकच आगबोट ढकलत नेते. सगळी मिळून लांबी बाराशे फुटांच्या घरात. तिला ब्रेक नसतो. थांबायचे ठरवले तरी मैलभर पाणी लागते. ती दिसत होती मैल-दीड मैलावर, पण आमच्याकडेच तोंड करून. पाच आखूड भोंगे झाले. पाच भोंग्यांचा अर्थ सगळ्या दर्यावर्दी जगात एकच: धोका.

एस.टी. बंद पडली की आमचा वाहक शांतपणे म्हणत असे, "चला मंडळी, जरा धक्का मारा." पन्नास उतारू उतरत, धोतरे सावरत, हसत, शिव्या देत गाडी ढकलत. स्टार्टर मरतुकडा असेल तर ड्रायव्हर गाडी उतारावर लावूनच जेवायला जाई. पाण्याला उतार नाही, आणि होडीला धक्का कोण मारणार? मला माझी दुसरी युक्ती आठवली. मी पेटी उघडली आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. सोलेनॉइडच्या मोठ्या टोकावरून लहान टोकाला तो टेकवला की किल्लीची सगळी वाट टाळून वीज सरळ पोचते. हजार वेळा केले असेल. हात पुढे गेला, आणि जावयांनी मनगट पकडले.

"बाबा, नको! पेट्रोल आहे."

वास मलाही आला होता. तापलेल्या इंजिनातून वाफ निघून झाकलेल्या पेटीत कोंडली होती. डिझेलवर वाढलेला माझा हात ते विसरला होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकला असता तर ठिणगी उडणारच होती. आणि लेक, नात, सगळी त्या एकोणीस फुटांत होती. मी तो खाली ठेवला तेव्हा माझी बोटे थरथरत होती.

पंखा लावला. तो सुरू असतानाच जावई मधूनमधून किल्ली फिरवून पाहत होते. लेक एकुलते एक वल्हे मारत होती आणि बोट जागच्या जागी गिरकी घेत होती. शेवटी मासे धरायला बसलेल्या एका वृद्ध जोडप्याने आपली छोटी ॲल्युमिनियमची होडी आमच्याकडे हाकली, दोरी फेकली, आणि आम्हाला वाटेबाहेर ओढून नेले. पंधरा बार्जची ती चाळ दीड-दोनशे यार्डांवरून सावकाश गेली. खरोखर चाळच, संपता संपेना. वरच्या डेकवरून एका माणसाने हात हलवला. तो राम राम होता की आमची कानउघाडणी, ते समजले नाही.

वीस मिनिटांनी किल्ली फिरवली. पहिल्या फेरीला सुरू.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री जेवणे झाल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, तुम्ही 'झाली' म्हणालात, म्हणून मी तिला पाण्यात सोडली," एवढेच ती म्हणाली. रागावली असती तर बरे झाले असते. बोट विकायची, हे त्या रात्री ठरले. जावयांनी मान खाली घालून होकार दिला.

मला झोप आली नाही. चुकले कुठे ते स्पष्ट होते: दुखणे तापलेल्या इंजिनाचे, आणि मी परीक्षा घेतली ती थंड इंजिनाची. ताप उतरलेल्या रोग्याला तपासून मी त्याला बरा ठरवला होता. पण त्या काळोखात दुसरेही काही आठवू लागले. एक आवाज. तो पंखा. जावई किल्ली फिरवत तेव्हा पंख्याची 'सूं' एकदम खाली येई, आणि किल्ली सोडली की पुन्हा चढे. स्टार्टर फिरताना दिवे मंद होतात हे शेंबडे पोरही सांगेल. पण इथे स्टार्टर फिरतच नव्हता! मग पंख्याच्या तोंडचा घास कोण पळवत होते?

इथे थोडी विजेची भानगड सांगितली पाहिजे. स्टार्टरला बॅटरीतून शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो. तो किल्लीतून नेला तर किल्ली वितळेल. म्हणून मध्ये सोलेनॉइड नावाचा देवडीवरचा शिपाई असतो. किल्ली त्याला नुसती हाक मारते, दार तो उघडतो. या हाकेची वाट मात्र लांब असते. इंजिनाजवळून तांबडी तार निघते, एका मोठ्या गोल प्लगातून समोरच्या फळीवर किल्लीपाशी जाते. तिथून, गिअर मोकळा असेल तरच जोडणाऱ्या एका बटणातून, तांबडा पट्टा असलेली पिवळी तार परत निघते आणि त्याच प्लगातून इंजिनापाशी सोलेनॉइडला पोचते. समोरच्या फळीवरचा पंखा, पंप, दिवे, सगळ्यांचे पोटही त्याच तांबड्या तारेवर. हाक मारताना पंखा कोमेजतो, याचा अर्थ हाकेची आणि पंख्याची वाट जिथे एक आहे, तिथे कुठेतरी चोंदले आहे. बॅटरी, स्टार्टर आणि सोलेनॉइड तिघेही निर्दोष. दोन उन्हाळे त्यांनाच शिक्षा झाली होती.

सकाळी मी लेकीकडे एक शनिवार मागितला. "दुरुस्त करायला नाही," मी म्हटले. "बिघडवायला."

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "धक्क्याला बांधून. आणि काठ सोडून लांब जायचे नाही."

शनिवारी आम्ही तिघेच गेलो. जावई, मी, आणि वही-पेन्सिल घेऊन नात. जावयांनी काठाकाठाने तासभर बोट पळवली, इंजिन चांगले तापवले आणि धक्क्याला आणून बांधली. पेटी उघडून वाफ जाऊ दिली, पंखा चालवला. किल्ली फिरवली; सुरू. पुन्हा तापवली, पुन्हा सुरू. ऊन चढत होते. तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि काहीही झाले नाही. आम्ही तिघेही आनंदाने ओरडलो. शेजारच्या बोटीतल्या बाईंनी चष्मा काढून पाहिले. बंद पडलेल्या बोटीत नाचणारी माणसे त्यांनी पूर्वी पाहिली नसावीत.

आता घाई करायची होती, कारण ताप उतरायच्या आत तपासायचे होते. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला कायमची लावली, दुसरी माझ्या हातात. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना ही तपासणी चटकन कळेल. गच्चीवरच्या टाकीतून नळ खाली येतात. तोट्या बंद असताना तळमजल्याच्या नळाला दाब पुरेपूर असतो. नळ मध्येच चोंदला असला तरी. तोटी सोडा, मग दाब कुठपर्यंत आहे आणि कुठून पुढे नाही ते मजल्या-मजल्यावर कळते. म्हणून मी मोजताना दर वेळी जावयांनी किल्ली फिरवून धरायची, मी आकडा सांगायचा, नातीने लिहायचा.

बॅटरीवर १२.४. तांबड्या तारेवर, प्लगाच्या इंजिनाकडल्या बाजूला, १२.३. त्याच तारेवर, प्लगाच्या पलीकडे, १०.१. नातीने पेन्सिल थांबवून विचारले, "आजोबा, दोन कुठे गेले?" मी म्हटले, "लिही, पुढे जाऊ." किल्लीच्या बाहेर ९.८. गिअरच्या बटणापुढे ९.६. परतीच्या तारेवर, प्लगाच्या अलीकडे, ९.५. प्लगाच्या पलीकडे ७.४. सोलेनॉइडच्या टोकाला तेच ७.४.

बारा निघाले आणि साडेसात पोचले. शिपायाला एवढ्या मंद हाकेने जाग येत नव्हती. त्यातून तो तापलेला असला की त्याला अधिकच मोठी हाक लागते. एकाच प्लगातून वाट दोनदा जात होती, आणि तो टोलनाका दोन्ही वेळा दोन-दोन व्होल्ट कापून घेत होता.

बॅटरीची तार सोडून मग प्लग उघडला. काळ्या रबरी वेष्टनाखाली पितळी काड्यांवर हिरवा कळंक चढलेला. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेचे सार ठेवले की येतो, अगदी तसा. तांबड्या तारेची काडी तपकिरी झाली होती आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक मऊ होऊन किंचित वाकले होते. इंजिन तापले की हा प्लगही तापायचा, काडी त्या सैल भोकात ढिली व्हायची. निवले की पुन्हा टेकायची. आणि नवा भाग बसवताना दर वेळी कुणी ना कुणी हा प्लग हलवला असणार, काड्या थोड्या घासून निघाल्या असणार, म्हणून आठ-पंधरा दिवस बरे जात. नव्या भागाला श्रेय मिळे. हा गडी आपला मागे अंधारात उभा.

दुरुस्ती जावयांनी केली. माझी नजर आता तेवढी बारीक राहिली नाही, मी विजेरी धरली. त्या दोन तारा प्लगातून काढून टाकल्या आणि बोटीसाठी मिळणारी जाड तार वापरून बाहेरून जोडल्या. या तारेच्या तांब्याला खरोखरच कल्हई असते, हे पाहून मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. बाकीच्या काड्या घासल्या, ग्रीस भरले, वेष्टन चढवले. खर्च वीस डॉलरांच्या आत. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या भागांचा हिशेब मी विचारला नाही, त्यांनीही सांगितला नाही.

"झाली का?" नातीने विचारले.

मी उत्तर दिले नाही. पुन्हा तासभर तापवली, धक्क्याला आणली, पेटी उघडली, पंखा, किल्ली. सुरू. दुसऱ्या दिवशीही तेच. शनिवारी चार आणि रविवारी पाच, अशा नऊ वेळा ती भर तापात सुरू झाली आणि सोलेनॉइडपाशी दर वेळी साडेअकराच्या वर व्होल्ट मिळाले. नातीच्या वहीचे पान भरले.

घरी येऊन मी ते पान लेकीपुढे ठेवले. 'झाली' हा शब्द उच्चारला नाही. तिने आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. "नऊच?" ती म्हणाली.

"नऊ."

पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर आली. जावयांनी बोट तापवून धक्क्याला आणली तेव्हा ती सुकाणूपाशी जाऊन बसली. "दहावी वेळ मी करते." पेटी उघडली, पंखा लावला. चार मिनिटे आम्ही कोणी बोललो नाही. पंख्याची 'सूं' एकसारखी चालली होती. काठावर कुटुंब चटईवर बसून डबा उघडत होते. दूर, पिंपांच्या पलीकडून, एक बार्जची रांग वर चालली होती. तिने किल्ली फिरवली. इंजिन पेटले. तिने ते बंद केले, मिनिटभर थांबली आणि पुन्हा फिरवली. पुन्हा पेटले.

ती उठली, मागच्या नेहमीच्या जागी तोंड मागे करून बसली, आणि नातीला म्हणाली, "जॅकेटचा वरचा पट्टा आवळ. आणि पिंपांच्या अलीकडेच हं."